गीता 18.44 : शेत, दुकान आणि देहूचे तुकोबाराय



अठराव्या अध्यायात आपण आज 44 व्या श्लोकावर आलो. शेती, गाईगुरांचं पालन आणि व्यापार ही वैश्याची स्वभावातून आलेली कामं, असं भगवंत इथे सांगतात. प्रवचनांत हा श्लोक बहुतेक वेळा उरकला जातो, कारण सगळ्यांना पुढच्या 46 व्या श्लोकावर जायची घाई असते. आपल्या कामानेच देवाची पूजा करावी, हे तिथे येतं. पण माउली ज्ञानेश्वरीत इथे क्षणभर थांबलेत. जमीन, बी आणि नांगर यांना ते सरळ भांडवल म्हणतात. स्वस्तात घेतलेला माल चढ्या भावाने विकणं हेही ते आडपडदा न ठेवता सांगतात. सत्संगात बसून नफा हा शब्द उच्चारायला आपल्याला संकोच वाटतो. माउलींना वाटलेला दिसत नाही.

म्हणून आज टीका बाजूला ठेवतो आणि एका माणसाचं आयुष्य सांगतो. घरची शेती, गावात दुकान, सावकारी, आणि पदरात पोरंबाळं. त्यांना तुम्ही ओळखताच. फक्त आपण त्यांना कायम वीणा-चिपळ्या घेतलेल्या रूपात बघतो, तागडी धरलेल्या रूपात बघत नाही.

तुकोबारायांचा जन्म देहूला 1608 मध्ये झाला असं संप्रदायात मानतात. सालावरून अभ्यासकांत वाद आहे, त्यात मी पडत नाही. घराणं मोरे, आडनाव आंबिले. जातीने कुणबी आणि व्यवसायाने वाणी. आजचा श्लोक वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. तुकोबा आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःला जातीने शूद्र म्हणवतात आणि व्यवसाय मात्र वैश्याचा केला असं सांगतात. श्लोकातले कप्पे माणसांच्या आयुष्यात इतके काटेकोर नव्हते, याची साक्ष खुद्द त्यांचीच आहे. दुसरीकडे ते देवाचे आभारही मानतात की कुणबी केलंस ते बरं झालं, नाहीतर दंभाने मेलो असतो.

घर खातंपितं होतं. गावच्या बाजारपेठेची महाजनकी त्यांच्याकडे होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. मोठा भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. घरात विठ्ठलाची सेवा पिढ्यान्‌पिढ्यांची. विश्वंभरबाबा नावाच्या पूर्वजांनी देहूत विठ्ठलाची स्थापना केली आणि पंढरीची वारी घरात रुजली, ही परंपरा सगळे सांगतात. म्हणजे शेत, दुकान, सावकारी आणि देव हे सगळं तुकोबांना वारशात एकत्रच मिळालं.

सावजींना संसारात रस नव्हता. त्यामुळे वडिलांनी दुकानाचा भार मधल्या मुलावर टाकला. तेव्हा तुकोबा 13 वर्षांचे होते असं चरित्रकार सांगतात. आपल्याकडे या वयात मुलाला एकट्याने बसमध्ये चढू देत नाहीत. या मुलाने मापं धरली, उधारी लिहिली, आणि कामात तो हुशारही निघाला. चारेक वर्षं चांगली गेली. लग्न झालं. पत्नी रखमाबाईंना दम्याचा त्रास होता, म्हणून दुसरं लग्न करून दिलं गेलं. ही दुसरी पत्नी म्हणजे जिजाई, माहेरची आवली, पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची लेक.

मग एकामागून एक पडझड सुरू झाली. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. भावजय वारली आणि सावजी तीर्थाटनाला निघून गेले. घरात मोठं माणूस कोणी उरलं नाही. पाठोपाठ दुष्काळ.

हा 1630 च्या सुमाराचा दुष्काळ गुजरातपासून दख्खनपर्यंत पसरला होता. त्यात फौजांची धावपळ. शहाजहान स्वतः दख्खनच्या मोहिमेवर आला होता, आणि त्याच काळात आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं. शिवरायांचा जन्म शिवनेरीवर झाला तोही याच 1630 सालात. म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात जे पान पाळण्याने सुरू होतं, त्याच पानामागे देहूच्या दुकानात धान्य संपत होतं.

इथे मला नेहमी एक प्रश्न पडतो. धान्याच्या व्यापाऱ्याचं दुष्काळात दिवाळं कसं निघतं? टंचाईत भाव चढतो. ज्याच्याकडे साठा आहे तो अशा वर्षात श्रीमंत होतो, तेव्हाही व्हायचा, आताही होतो. चरित्रकार सांगतात की तुकोबांनी घरातलं होतं नव्हतं ते लोकांना देऊन टाकलं. ते खरंच आहे, पण हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर आणखी काही दिसतं. त्यांचा पैसा सावकारीत अडकलेला होता, आणि ऋणको कोण, तर आसपासचे शेतकरी. पाऊस नाही म्हणजे पीक नाही, पीक नाही म्हणजे वसुली नाही. वसूल करायचंच तर कुणाचा बैल सोडून आणायचा, कुणाचं घर बळकवायचं. ते त्यांनी केलं नाही. स्वतःचे देणेकरी मात्र दारात उभे राहिले. तुकोबांनी स्वतः जे लिहिलंय त्यात याबद्दल मोठेपणाचा एक शब्द नाही. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, व्यवहार तोट्यात जाताना दिसला, आणि जिवाला लाज वाटली, एवढंच ते सांगतात.

लाज. वैराग्य हा शब्द आपण नंतर चिकटवला. ज्या माणसाची चारचौघांत पत होती, त्याला पेठेत तोंड दाखवणं अवघड झालं, ही त्यांच्या स्वतःच्या नोंदीतली पहिली भावना आहे. ज्यांची नोकरी गेली आहे किंवा ज्यांचं स्टार्टअप बुडालंय अशा मित्रांना मी हा अभंग मुद्दाम वाचायला सांगतो.

रखमाबाई त्या दुष्काळात अन्न अन्न करत गेल्या. हेही त्यांनीच नोंदवलंय, जेमतेम अर्ध्या ओळीत. पहिला मुलगा संतू, तोही गेला. वय पाहा, विशी नुकतीच ओलांडलेली. व्यापारी, घरात धान्य असायचंच, आणि बायको भुकेने मेली.

त्यांचा आणखी एक अभंग आहे, तो पहिल्यांदा वाचणाऱ्या तरुण मुलांना खटकतो. दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने पीडलं ते बरं झालं, बायको गेली, लोकांत अपमान झाला, तेही बरंच झालं, अशा अर्थाचा. हा माणूस निष्ठुर होता का, असं एका मुलाने मला विचारलं होतं. मीही एका मुलीचा बाप आहे, तो अभंग मलाही सहज वाचवत नाही. पण तो त्या रात्री लिहिलेला नाही. मधे वर्षं गेलीत. डोंगर, एकांत, पाठांतर, कीर्तन हे सगळं मधे आहे. जखमेवर खपली धरल्यावर माणूस जे बोलतो ते जखम होताना बोलत नाही. त्या दिवशी ते काय बोलले हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. दुसऱ्याच्या घरी मयत झाली असताना हा अभंग ऐकवायचा नसतो, हे माझं मत मी ठामपणे सांगतो. असं करणारे भाविक मी पाहिलेत.

दुष्काळानंतर काय केलं? पूर्वजांचं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावं असं मनात आलं. पैसा नव्हता, तेव्हा अंगमेहनतीने केलं. मग एकादशीला कीर्तन. तेही लगेच जमलं नाही, सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं असं ते प्रांजळपणे सांगतात. संतांची वचनं आदराने पाठ केली. पुढे जे गात त्यांच्यामागे धृपद धरलं. म्हणजे टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहून ध्रुवपद म्हणणं, आजच्या भाषेत कोरस. ज्यांच्या अभंगांवर आज अख्खा महाराष्ट्र कीर्तन करतो, त्यांची सुरुवात ही.

आता तो प्रसंग, ज्यासाठी खरं तर आजचं चिंतन लिहायला घेतलं.

तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले होते. कान्होबा शोधत शोधत आले आणि त्यांना घेऊन इंद्रायणीकाठी आले. तिथे तुकोबांनी घरातली सगळी खतपत्रं मागवली. खतपत्रं म्हणजे लोकांना दिलेल्या कर्जाचे लेखी कागद. घराण्याचं उरलंसुरलं भांडवल आता तेवढंच होतं. ती सगळी ते नदीत टाकणार होते. कान्होबा म्हणाले की तुम्ही साधू झालात, मला माझी पोरंबाळं सांभाळायची आहेत. तुकोबांनी वाद घातला नाही. कागदांचे दोन भाग केले, अर्धे कान्होबांना दिले आणि आपल्या वाट्याचे अर्धे इंद्रायणीत सोडले.

कीर्तनकार बुडवलेल्या अर्ध्यावर बोलतात. माझं लक्ष दिलेल्या अर्ध्यावर जातं. धाकट्या भावाच्या हिश्शाचं वैराग्य त्यांनी परस्पर घेतलं नाही. त्याला संसार करायचा होता, तर त्याचा वाटा चोख मोजून दिला. वाटणी हा शुद्ध वाण्याचा व्यवहार आहे, आणि तो त्यांनी नदीकाठीही सोडला नाही.

आणि बुडालेल्या अर्ध्याचा अर्थ देहूच्या आसपासच्या घरांना काय झाला असेल, तेही बघा. बँका आज ज्याला राइट-ऑफ म्हणतात त्यात कर्जदार सुटत नाही, वसुली चालूच राहते. इथे कागदच गेला. दुष्काळातून कसाबसा वाचलेला कुणी शेतकरी, ज्याच्या डोक्यावर महाजनांचं कर्ज होतं, तो एका दुपारी मोकळा झाला. किती घरं मोकळी झाली याचा आकडा कुठे नाही, आणि असायला तरी कसा, यादी नदीतच गेली.

यातून लगेच असा निष्कर्ष काढू नका की त्यांनी संसार सोडला. मंडळी, हा फार पसरलेला गैरसमज आहे. खतपत्रं बुडवल्यानंतर तुकोबा जवळजवळ वीस वर्षं देहूत घरात राहिले. काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा हे मुलगे, असा जिजाईंबरोबरचा संसार पुढे झाला. मुलींची लग्नं त्यांनी लावून दिली. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांतून आपल्या जातीची मुलं निवडून साधेपणाने लग्नं लावली, अशी गोष्ट महिपतींच्या चरित्रपरंपरेत येते. त्या लग्नांची घाई बघून जिजाईंना काय वाटलं असेल ते सोडा, पण जावई मात्र चांगले निघाले. येलवाडीचे मालजी गाडे तर कीर्तनात सासऱ्यांच्या मागे टाळ घेऊन उभे राहायचे.

त्यांनी धंदाही लगेच टाकला नाही, चालवून पाहिला. महिपतींनी अठराव्या शतकात भक्तविजय आणि भक्तलीलामृत लिहिले, त्यांत या खटपटीच्या गोष्टी भरपूर आहेत. मिरच्यांच्या गोणी घेऊन ते कोकणात गेले आणि गिऱ्हाइकांना म्हणाले की तुम्हीच मोजून घ्या. लोकांनी हवं तेवढं नेलं. मिरची हे पीक पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आलं, तेव्हा या मातीत येऊन त्याला फार तर शंभरेक वर्षं झाली असतील, म्हणजे माल तसा नवाच. दुसऱ्या खेपेला कुणा ठगाने सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी गळ्यात मारली. तिसऱ्या वेळी जिजाईंनी स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून दिले. तुकोबांनी माल घेतला, विकला, चक्क नफाही कमावला, आणि परतताना कर्जापायी धरलेल्या एका माणसाला सोडवण्यात सगळा पैसा देऊन आले. या गोष्टींत श्रद्धेचा भाग किती आणि घडलेलं किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण या माणसाला हिशेब येत नव्हता असं गोष्ट सांगणाऱ्यालाही म्हणायचं नाही. तिसऱ्या खेपेत तो नफा करून दाखवतो.

जिजाईंबद्दल थोडं बोलायलाच हवं. नाटक-सिनेमांनी त्यांना कजाग, तोंडाळ बाई करून ठेवलंय. मला ते अजिबात पटत नाही. सावकाराची लेक, सुखवस्तू घरात दिली, आणि थोड्याच वर्षांत चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसतो, तर ही बाई भाकरी बांधून ऊन-पावसात डोंगर चढते, कारण तो जेवल्याशिवाय ती जेवत नाही. त्या विठोबाला शिव्या घालायच्या असं सांगतात. घातल्या असतील. पोरांच्या पोटाचा हिशेब कुणीतरी ठेवायलाच हवा होता. उसाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कुणीतरी दिलेली उसाची मोळी तुकोबांनी वाटेत पोरांना वाटली आणि एक ऊस घेऊन घरी आले, जिजाईंनी तोच त्यांच्या पाठीत मारला, त्याचे तुकडे झाले, आणि तुकोबा हसून म्हणाले की वाटणी बरोबर झाली. आपण तुकोबांच्या शांतीचं कौतुक करून पुढे जातो. मला त्या गोष्टीत घरातली पोरं दिसतात, गावातल्या पोरांना आधी मिळालेला ऊस बघणारी. तुकोबांचं वडील म्हणून मूल्यमापन करायची माझी लायकी नाही. पण तो तुकडा कुणाच्या वाट्याला किती आला असेल, हे मनात येतंच.

गाथेत मात्र धंदा जागोजागी आहे. माप, भाव, भांडवल, मुद्दल, व्याज, दिवाळं हे सगळे दुकानातले शब्द त्यांनी देवापुढे नेले. नामदेवराय स्वप्नात विठ्ठलाला घेऊन आले आणि अभंगरचना करायला सांगितली, तेव्हाही उरलेली संख्या पुरी करण्याचीच गोष्ट झाली. बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात मंत्र दिला आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितलं, ते द्यायचं राहून गेलं. गुरूपदेशाच्या अभंगात तिथी, वार आणि तुपाचं वजन ज्याला लिहावंसं वाटतं, त्याच्या हातातून तागडी पुरती सुटलेली नाही. आणि इतकं सगळं गमावलेल्या या माणसाने लोकांना पैसा कमावू नका असं सांगितलं नाही. चांगल्या व्यवहाराने जोडा आणि त्यात जीव न अडकवता खर्च करा, असं गृहस्थांना सांगितलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी अधिकाराचा प्रश्न काढला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा काठावरच्या शिळेवर 13 दिवस उपाशी बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे. त्याच नदीत आधी स्वतःच्या हाताने बुडवलेल्या खतपत्रांसाठी ते एक दिवसही बसले नव्हते. रामेश्वर भट पुढे शिष्य झाले. चाकणचे संताजी जगनाडे, तेलाच्या घाण्याचा धंदा असलेले, त्यांनी अभंग लिहून ठेवले, आणि त्यांच्या वह्या आजही आहेत. शिवरायांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, हेही परंपरा सांगते. त्या दिवशी घरात काय होतं ते जिजाईंना विचारायला हवं होतं.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके 1571, म्हणजे 1650 चा मार्च. आपण तिला तुकाराम बीज म्हणतो. तुकोबा गेले तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडली होती, आणि जिजाई गरोदर होत्या.

तो मुलगा नंतर जन्मला, नाव नारायण. त्याने वडिलांना पाहिलंच नाही. वारशात शेत, दुकान, खतपत्रं यांपैकी सांगण्यासारखं काही नव्हतं. याच नारायणबाबांनी 1685 मध्ये वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून माउलींच्या पादुका घेतल्या आणि दिंड्या बरोबर घेऊन पंढरीची वाट धरली. आज लाखो लोक ज्या सोहळ्यात चालतात त्याची ही सुरुवात. देहूहून पालखी अजूनही ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. तळवड्याच्या आयटी पार्कात काम करणाऱ्यांना तर देहू हाकेच्या अंतरावर आहे. संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर इंद्रायणीच्या घाटावर अर्धा तास बसता येईल.

उद्या 45 वा श्लोक. राम कृष्ण हरी.